जुन्या डेअरीपासून तीनशे मीटर

दानिलो बारांतेसने समोरची भात-घेवड्याची ताटली कोपराने बाजूला सारली आणि टेबलाच्या मधोमध जीपीएसचा खोका ठेवला. सिनियाने खोक्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, अंडं गार होतंय."

"होऊ द्या. तुम्ही हे बघा आधी. हातमोजे घालूनसुद्धा चालतं. पावसात भिजलं तरी ढिम्म. कडक उन्हात पडदा दिसतो. आणि हेल्मेटच्या आत एक बाई बोलते."

"काय बोलते?"

"कुठे वळायचं ते."

"आणि तुम्ही वळणार? दुसऱ्याच्या सांगण्यावरून?"

"वळावंच लागेल. डुकरं विसरलात का?"

सिनिया डुकरं विसरली नव्हती. नारान्हो गावात कुणीच विसरलं नव्हतं.

दानिलोचं हार्डवेअरचं दुकान होतं. आठवडाभर तो खिळे, नळ, दोरखंड असलं काहीबाही विकायचा आणि गिऱ्हाइकांशी गोगलगायीसारखा मऊ बोलायचा. रविवारी मोटरसायकलवर टांग टाकली की मात्र तो 'कोंगो' मंडळाचा म्होरक्या व्हायचा. कोंगो म्हणजे आमच्या रानातलं काळं माकड. अंगाने एवढंसं, पण ओरडायला लागलं की डोंगरापलीकडचे लोक जागे होतात. मंडळाच्या गाड्याही त्याच जातीच्या. म्होरक्याच्या गाडीला माकडाचं चित्र काढलेला झेंडा असायचा, आणि तो कुणाकडे जायचा याचा नियम मंडळ काढणाऱ्या दॉन तोबियासने फार पूर्वी घालून दिला होता. वर्षातून एकदा सगळ्यांनी त्याच्याकडे तमाल, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेले मक्याचे पुडे, खायला यायचं. त्याच्या फाटकावरची पितळी घंटा जो सर्वांत आधी वाजवेल, त्याचा पुढल्या वर्षी झेंडा. म्होरक्या सगळ्यांच्या पुढे चालतो, त्यामुळे घंटा दरवर्षी दानिलोच वाजवायचा. असा काही नियम आहे हेसुद्धा लोक विसरून गेले होते.

मागच्या वर्षी दानिलोने जवळची वाट म्हणून एक वाट काढली आणि अख्खं मंडळ डुकरांच्या गोठ्यात नेऊन घातलं. बेकरीवाल्या आर्नुल्फो केसादाचा मोबाइल हँडलवरून उडाला आणि एका डुकरिणीने तो नीट चावून, चव घेऊन खाल्ला. त्या दिवसापासून आर्नुल्फोला तो नियम रोज आठवायला लागला. त्यात यंदा म्हातारा दॉन तोबियास घंटेसकट तिलारानला मुलीकडे राहायला गेला. तिथलं घर कुणीच पाहिलेलं नव्हतं. मंडळाची बैठक भरली आणि ठराव झाला, की म्होरक्याने मोटरसायकलसाठीच बनवलेला खरा जीपीएस घ्यावा, मोबाइल नको.

"आणि यंदा चुकलास दानिलो, तर झेंडा सोड बाबा," आर्नुल्फो म्हणाला. "तुझ्या गाडीवर तो आता लाजतो."

दानिलो हसला, पण घरी येऊन जेवला नाही. झेंडा गेला तर आपल्यात उरतं काय, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. उरतो एक खिळेवाला.

आता, आमच्याकडे रस्त्यांना नावं असतात, पण ती नगरपालिकेखेरीज कुणाला माहीत नसतात. पत्ता सांगायचा तो खुणेपासून. 'औषधाच्या दुकानापासून दोनशे मीटर उत्तरेला' म्हणजे दोन चौक उत्तरेला. या चौकापासून त्या चौकापर्यंत शंभर मीटर, आणि अर्ध्यात थांबलात तर पन्नास. मधला रस्ता आखूड असो नाहीतर पाय दुखेपर्यंत लांब, तो शंभर मीटरच. आईच्या दुधाबरोबर मिळालेली ही अक्कल. तिच्यावर कुणी विचार करत बसत नाही.

दानिलोनेही केला नाही. तो खोक्यातलं यंत्र हँडलवर बसवून निघाला, सरावासाठी मेव्हण्याचं घर निवडलं. हेल्मेटमधल्या बाईचा आवाज स्पेनचा होता, खणखणीत, शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारखा.

"दोनशे मीटरवर उजवीकडे वळा."

दानिलोने इमानदारीत पहिला चौक सोडला आणि दुसऱ्या चौकात उजवीकडे वळला. चर्चच्या मागचा तो भाग, तिथले चौक एकमेकांना चिकटलेले. बाईच्या मनात तिसरा होता. दानिलो थेट अग्निशामक दलाच्या अंगणात शिरला, आणि जवानांनी ओल्या फरशीवर नुकताच धुवून ठेवलेला पाइप त्याच्या चाकात गुंडाळला गेला.

"मार्ग पुन्हा शोधत आहे," बाई म्हणाली.

"शोध, शोध," दानिलो म्हणाला.

त्याच दुपारी तो यंत्र जिथून घेतलं होतं त्या दुकानात गेला. दुकानदार इग्नासिओ चिलेहून आलेला, गावात नवा, अतिशय सभ्य माणूस.

"हिला मोजता येत नाही," दानिलोने सांगितलं.

इग्नासिओ स्वतः यंत्र घेऊन गल्लीत फिरून आला. "दॉन दानिलो, माझ्याकडे तर बरोबर चालतंय."

"तुमच्याकडे चालेल. मला मोठं दाखवा."

दुसरं यंत्र मोठं होतं, महाग होतं, आणि त्यात वळणावळणाचे रस्ते मुद्दाम शोधून द्यायची सोय होती. त्यातली बाईही स्पेनचीच. शनिवारी सकाळी ती म्हणाली, "चारशे मीटरवर डावीकडे वळा." हा भाग कॉफीच्या गोदामांचा, चौक ऐसपैस. दानिलोने एक, दोन, तीन असे सोडले, तिसऱ्याला बाई हेल्मेटमध्ये कासावीस झाली, पण हा गडी पठ्ठ्या. चारशे म्हणजे चारशे. चौथ्या चौकाला डावीकडे वळला तो आठवडी बाजारात. समोर चायोतेचा मनोरा रचलेला होता. दुधीच्या जातीचं हे फळ दिसायला गरीब, पण उतारावर एकदा घरंगळायला लागलं की थांबत नाही.

संध्याकाळी सिनियाने दारात उतरवलेलं पोतं पाहिलं.

"अहो, जीपीएसबरोबर चायोते फुकट मिळतात का?"

"फुटलेले घ्यावे लागले."

"हे सगळे?"

"काही नुसते दुखावलेत."

त्या दिवसापासून बारांतेसांच्या घरी सकाळी चायोतेची भाजी, दुपारी चायोतेचं सार आणि रात्री उरलेलं असा क्रम सुरू झाला.

तिसरं यंत्र इग्नासिओने कपाटातून दोन्ही हातांनी काढलं. वाळवंटात शर्यती लावणारे लोक हेच वापरतात, याच्यावरून ट्रक गेला तरी बोलत राहतं, असं तो म्हणाला. पण त्याच्या आवाजात आता पहिल्यासारखा जोर नव्हता. या खेपेला दानिलो एकटा गेला नाही. त्याने सगळ्या मंडळाला बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत यंत्र आर्नुल्फोच्या गाडीवर बसवलं.

"मी चुकतो ना? मग तूच चालव."

आर्नुल्फो छाती फुगवून निघाला. बाई म्हणाली तीनशे मीटर, त्याने तीन चौक मोजले, वळला, आणि चर्चच्या जोगिणींच्या मठात त्यांची दुपारची प्रार्थना चालू असताना गरजणाऱ्या इंजिनासकट हजर झाला. थोरल्या जोगिणीने त्याला बसवून घेऊन प्रार्थना पूर्ण करायला लावली. परत आला तेव्हा तो बराच नम्र झाला होता.

"यंत्र वाईट नाही," तो म्हणाला. "उपग्रह वाईट आहेत."

"म्हणजे?"

"उपग्रह कुणाचे? ग्रिंगोंचे, त्या उत्तरेकडच्या गोऱ्यांचे. त्यांचे चौक वेगळे. त्यांना आपले मीटर कुठून माहीत असणार?"

हे सगळ्यांना एकदम पटलं. नाचता येईना अंगण वाकडं अशी म्हण आहे. इथे मंडळाने सरळ आकाश वाकडं ठरवलं. ठराव झाला, की जीपीएस म्होरक्याच्या हँडलवर असावा, कारण तसं ठरलेलं आहे, पण त्याचं कुणी ऐकू नये.

"आणि घंटेचा नियम आहेच," आर्नुल्फो उठताना म्हणाला. "तिलारानमध्ये ज्याला घर सापडेल, त्याने वाजवावी. काय दानिलो?"

दानिलोने मान हलवली.

घर कसं सापडणार, हाच प्रश्न होता. तोबियासच्या मुलीने फोनवर पत्ता दिला होता: 'जुन्या डेअरीपासून तीनशे मीटर दक्षिणेला आणि पन्नास पूर्वेला, फिरोजी फाटक, समोर पिवळा कुत्रा.' दानिलोने विचारलं, जुनी डेअरी कशी ओळखायची? ती म्हणाली, सोपं आहे, ती पाडून आता तिथे पेट्रोल पंप झालाय.

आणि मग दोन दिवसांनी दुकानात दोन्या एलिएत, म्हणजे एलिएतबाई, आली. कोपऱ्यापलीकडे राहणारी, गायी पाळणारी, आवाजाने कोंगोंनाही भारी. तिच्या मागे जमिनीवर पाण्याची हिरवी नळी सरपटत येत होती आणि संपता संपत नव्हती.

"दॉन दानिलो, मी तुम्हाला प्रामाणिक समजत होते!"

"काय झालं, दोन्या एलिएत?"

"शंभर मीटर नळी घेतली ना मी? चौकातल्या नळापासून माझा गोठा शंभर मीटर. नळी गोठ्यापर्यंत पोचतच नाही! गाय तिकडे, पाणी इकडे, मधे मी!"

दुकानात गिऱ्हाइकं होती. दानिलोच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्याला रस्ता चुकणारा म्हणा, डुकरं म्हणा, काही म्हणा. पण मापात मारतो असं त्याच्या बापालाही कुणी म्हटलं नव्हतं. त्याने पोलादी टेप उचलला, नळी उचलली आणि रस्त्यावर आला. दुकान बरोबर चौकातच. त्याने नळीचं एक टोक दारात ठेवलं, भररस्त्यात गुडघ्यांवर बसून टेपने मोजत मोजत पुढच्या चौकाकडे निघाला. बघे जमले. गाड्या थांबल्या. कुणीतरी नळीच्या टोकाला पाय देऊन धरला.

"मोजा! तुम्हीच मोजा!" दानिलो ओरडला. "शंभर! एक बोट कमी नाही! मीटर म्हणजे मीटर असतो, बाई!"

आणि त्याने वर पाहिलं. नळी संपली होती. चौक आला नव्हता. चौक अजून बराच पुढे, चांभाराच्या दुकानापलीकडे, उन्हात निवांत पडला होता.

दानिलो गुडघ्यांवर तसाच राहिला. त्याच्या डोक्यात स्पेनची बाई बोलायला लागली: दोनशे मीटरवर उजवीकडे. चारशे मीटरवर डावीकडे. उभा जन्म त्याने दोरी, तार, साखळी, नळी मीटरवर मोजून विकली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

बघ्यांनीही आपापसात निकाल लावला. नगरपालिकेने मागच्या वर्षी डांबर घातलं तेव्हा रस्ता ताणला गेला असणार, असं चांभाराचं मत पडलं, आणि ते दोन्या एलिएतसकट सर्वांना मान्य झालं. फक्त गल्ल्यावर बसलेली सिनिया नवऱ्याकडे टक लावून पाहत होती. तिच्याही डोक्यात उजेड पडला होता.

त्या संध्याकाळी दानिलो तिसरं यंत्र लावून गावभर फिरला. चौक मोजले नाहीत. पडद्यावरचे आकडे शून्य होईपर्यंत थांबला आणि मग वळला. बाई एकदाही चुकली नाही. मेव्हण्याच्या दारात ती म्हणाली, "आपण पोहोचला आहात," तेव्हा दानिलोला तिचा हात हातात घ्यावासा वाटला.

"मंडळाला सांगणार?" सिनियाने विचारलं.

"सांगेन ना. घंटा वाजवल्यावर."

मग तो टेबलाशी बसला, पडद्यावर तिलारानचा पेट्रोल पंप शोधला, तिथून बोटाने दक्षिणेला तीनशे मीटर मोजले. तीनशे म्हणजे तीनशे. मग पूर्वेला पन्नास. तिथे खूण केली आणि समाधानाने पाठ टेकली. सिनिया चायोते चिरत होती.

"अहो, पण एक विचारू? तोबियासच्या मुलीने पत्ता सांगितला, तो काय टेपने मोजून—"

"सिनिया," दानिलो म्हणाला, "मीटर म्हणजे मीटर."

सिनियाने पुन्हा चायोतेत लक्ष घातलं.

रविवारी कोंगो निघाले. पुढे झेंडा लावून दानिलो, मागे सिनिया, तिच्या मांडीवर दॉन तोबियाससाठी चायोतेच्या भाजीचा डबा. रांग दानिलोनेच लावली होती. आर्नुल्फोला त्याने अगदी शेवटी, सगळ्यांच्या मागे टाकलं होतं.

"मागे भरवशाचा माणूस हवा," तो म्हणाला.

"घंटेपासून लांब हवा, असं म्हण," आर्नुल्फोने टोला हाणला, पण गेला.

काय प्रवास झाला तो! दानिलो एकदाही थांबला नाही, कुणाला वाट विचारली नाही, एकही वळण चुकला नाही. रस्त्याकडेच्या खाणावळीत कॉफीला उतरले तेव्हा लोक त्याच्याकडे नव्या नजरेने पाहत होते.

"दानिलो, तू उपग्रह कसा काय वठणीवर आणलास?"

"त्याला कसलेला हात लागतो," दानिलो म्हणाला.

डोंगर चढून तिलारान आलं, ते नेहमीच्या सोसाट्याच्या वाऱ्यात. झेंडा ताठ उभा राहिला. दानिलोने पेट्रोल पंप मागे टाकला. इथले चौक जनावरांच्या बाजारासाठी आखल्यासारखे लांबरुंद होते, पण आता त्याला चौकांशी कर्तव्य नव्हतं. पहिला चौक गेला, दुसरा गेला, आणि मधेच बाई म्हणाली, "डावीकडे वळा." डावीकडे दोन भिंतींच्या मधून एक बोळ जात होता, जेमतेम एका गाडीपुरता. दानिलो बेधडक शिरला. मागोमाग सगळे शिरले, एकापाठोपाठ एक, आवाजाने भिंती थरथरवत.

"आपण पोहोचला आहात," बाई म्हणाली.

समोर फळ्यांचं कुंपण होतं. फळ्यांच्या वरून एक गुलाबी नाक वर आलं. मग दुसरं. मग ओळीने सगळं कुटुंब.

मग मागून एकाने हेल्मेट काढलं. "दानिलो, हीच ती मागच्या वर्षीची, की हे त्यांचे पाहुणे?"

"अहो," सिनिया त्याच्या कानाशी हळूच म्हणाली, "तोबियासची मुलगी आपल्या दुकानात कधी नळी घ्यायला आली नव्हती."

दानिलोने डोळे मिटले. तीन चौक आणि अर्धा. साधं, सरळ, आईच्या दुधातलं. "मागे फिरा!" तो ओरडला. "सगळे मागे फिरा! लवकर!"

पण बोळ एका गाडीपुरता. पुढे जायला जागा नव्हती, कुणाला ओलांडायला तर नव्हतीच. जो तो आपल्या जागी, गाडी पुढे-मागे रेटत, आरसे भिंतींना घासत वळायला लागला. आणि वळून झाल्यावर दानिलोच्या लक्षात आलं की रांगेत सर्वांत शेवटी आता तो आहे, आणि सर्वांत पुढे आर्नुल्फो. आर्नुल्फो तर बोळात पूर्ण शिरलाही नव्हता. 'मागे फिरा'ची आरोळी तोंडातोंडी त्याच्यापर्यंत पोचली, तेव्हा त्याने आपल्या पद्धतीने विचार केला, म्हणजे केलाच नाही: तिसरा चौक अजून यायचाय. तो गेला, तिसरा चौक गाठला, पूर्वेला अर्धा चौक चालला. पिवळा कुत्रा भुंकला. फिरोजी फाटक समोर उभं होतं.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. दानिलो बोळातच अडकलेला असताना त्याला वाऱ्यावरून घंटा ऐकू आली. आर्नुल्फोने ती जरा जास्तच वेळ वाजवली.

म्हाताऱ्या दॉन तोबियासने सगळ्यांना मिठ्या मारल्या, झेंडा स्वतःच्या हाताने दानिलोच्या गाडीवरून काढून आर्नुल्फोच्या गाडीला बांधला, आणि तमालच्या पानांचे पुडे सुटले. दानिलो अंगणाच्या कडेला बसला होता. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. झेंड्याशिवाय त्याची मोटरसायकल कपडे काढलेल्या माणसासारखी दिसत होती, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

आर्नुल्फो हातात ताट घेऊन त्याच्या शेजारी टेकला. जिंकलेला माणूस उदार होतो.

"मनाला लावून घेऊ नकोस, दानिलो. तिलारानपर्यंत तर तू काय आणलंस रे! अक्षरशः सुतासारखं. शेवटी तेवढं बिनसलं."

"हं."

"ते यंत्र आता माझ्या गाडीवर बसवावं लागेल. ठराव आहे ना." तो जवळ सरकला. "तू ते कसं चालवलंस, खरं सांग. काहीतरी सापडलंय तुला. ती बाई शंभर मीटर म्हणते, तेव्हा नेमकं काय करायचं?"

दानिलोने घास थांबवला. त्याने झेंड्याकडे पाहिलं, वाऱ्यावर तो दुसऱ्याच्या गाडीला बांधलेला फडफडत होता. मग घंटेकडे पाहिलं, ती पुढल्या वर्षीही तिथेच असणार होती. मग आर्नुल्फोच्या खांद्यावर जुन्या दोस्तासारखा हात ठेवला.

"सोपं आहे," तो म्हणाला. "ती शंभर म्हणाली की एक चौक मोजायचा. दोनशे म्हणाली की दोन. डोळे मिटून विश्वास ठेवायचा. बाकी काही नाही."

"एवढंच?"

"एवढंच. हात लागतो."

आर्नुल्फो खूश होऊन उठला. सिनियाने सगळं ऐकलं होतं. तिने नुसता डबा उघडला आणि नवऱ्याच्या ताटात चायोतेची भाजी वाढली, दोन डाव. दानिलोने ती मुकाट्याने सगळी खाल्ली.